सुकाणू हरपलेलीं विमानें

विमान आकाशांत मोडलें म्हणजे तें पडलेंच, अशी सामान्य माणसाची समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाहीं. ता. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांत अलोहा कंपनीचें एक बोइंग विमान २४,००० फूट उंचीवर असतांना त्याच्या पुढील भागाचें सुमारें १८ फूट लांबीचें छप्पर एकाएकीं उडून गेलें. एक विमानसेविका त्या झोताबरोबर बाहेर फेंकली गेली. बाकीचे सर्वजण उघड्या आकाशाखालीं, खुर्च्यांना पट्ट्यांनीं जखडलेल्या स्थितींत, तेरा मिनिटांनीं मावी बेटावर जिवंत उतरले. कप्तान रॉबर्ट शॉर्नस्थायमर आणि त्यांच्या सहवैमानिक मॅडलीन टॉम्पकिन्स यांच्या हातांत सुकाणू शिल्लक होतें, म्हणूनच हें घडूं शकलें.

छप्पर गेलें तरी विमान उडतें. परंतु सुकाणूच गेलें तर? या प्रश्नाचा इतिहास १९७२ सालीं सुरू होतो, आणि तो मोठा विलक्षण आहे. त्यांत एका माणसानें अगोदर करून ठेवलेल्या विचारानें ६७ जीव वांचले. तो धडा ज्यांनीं घ्यावयाचा त्यांनीं घेतला नाहीं म्हणून ३४६ जीव गेले. आणि जपानांतील एका डोंगरावर ज्यांची सर्व धडपड व्यर्थ गेली, त्यांचें ज्ञान चार वर्षांनीं अमेरिकेंतील एका मक्याच्या प्रदेशांत दुसऱ्याच माणसांच्या उपयोगी पडलें.

आरंभींच्या विमानांत वैमानिकाच्या हातापायांपासून निघालेली तार थेट शेंपटीपर्यंत गेलेली असे. वैमानिकानें दांडी ओढली कीं तार ताणली जाई आणि शेंपटीची फळी वळे. विमान लहान, वेग बेताचा. मनगटांत जोर असला म्हणजे काम भागत असे. पुढें विमानें अवाढव्य झालीं. शेंपटीवरच्या फळ्या एवढ्या मोठ्या झाल्या, कीं वाऱ्याच्या दाबाविरुद्ध त्या हलविणें कोणत्याहि पहिलवानाच्या आटोक्याबाहेर गेलें. तेव्हां दाबाखालीं ठेवलेल्या तेलाच्या नळ्या आल्या. वैमानिक इकडे नुसती सूचना देतो. प्रत्यक्ष फळी हलवितें तें तेल. १९७१ सालीं वाहतुकींत आलेल्या डीसी-१० या तीन एंजिनांच्या विमानांत अशा तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या, बोइंग ७४७ मध्यें चार. एक बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी. सगळ्या एकदम बिघडणें अशक्यच, असा हिशेब होता. हिशेबांत चूक नव्हती. चूक होती ती जागेंत. या सगळ्या नळ्या शेंपटींत जाऊन एकमेकींच्या शेजारींच बसत. तीन कुलुपांच्या तीन किल्ल्या एकाच खुंटीला टांगून ठेवण्यासारखाच हा प्रकार.

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीचे एक जुने कप्तान ब्राइस मॅक्कॉर्मिक यांना डीसी-१० चें शिक्षण घेतांना हीच गोष्ट खटकली. तेल गेलें तर हातानें चालविण्याची सोयच या विमानांत नव्हती. मग काय करावयाचें? नियमांच्या पुस्तकांत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. तेव्हां वैमानिकांच्या शिक्षणासाठीं जमिनीवर उभें केलेलें जें कृत्रिम विमान असतें, त्यांत बसून मॅक्कॉर्मिक यांनीं स्वतःच उत्तर शोधलें. सर्व सुकाणूं निकामी झालीं असें मानून केवळ एंजिनांच्या जोरावर विमान चालवून पाहिलें. तें चाललें.

यांतील मर्म ज्यानें बैलगाडी हांकलेली आहे त्याला चटकन् कळेल. उजवा बैल पुढें रेटला आणि डावा आवरला म्हणजे गाडी डावीकडे वळते. विमानाच्या दोन पंखांखालच्या एंजिनांचेंहि तसेंच आहे. उजव्याचा जोर वाढविला म्हणजे तोंड डावीकडे येतें. दोन्ही एकदम वाढविलीं तर तोंड वर उचललें जातें, कमी केलीं तर खालीं झुकतें. मात्र बैल लगेच ऐकतो, एंजिन सावकाश ऐकतें. त्यामुळें आज्ञा आधीं करावी लागते आणि परिणामाची वाट पाहावी लागते. अधीर माणसाचें हें काम नव्हे.

ता. १२ जून १९७२ च्या संध्याकाळीं मॅक्कॉर्मिक यांचें विमान डेट्रॉइटहून बफेलोकडे निघालें. विमानांत ६७ माणसें होतीं. कॅनडांतील विंडसर गांवावर सुमारें १२,००० फूट उंची गांठली असेल नसेल, तोंच मागें प्रचंड धडाका झाला. कप्तानांच्या तोंडावर धुळीचा लोट आला, कानावरील यंत्र निसटून पडलें, पायाखालील पेडल एका बाजूस जाऊन अडकलें आणि तीनहि एंजिनांच्या दांड्या आपोआप मागें सरून एंजिनें मंदावलीं. कोणालाहि काय झालें याची कल्पना नव्हती. मागील बाजूच्या माल भरण्याच्या कोठीचें दार उडून गेलें होतें. कोठींतली हवा निमिषांत निघून गेली, तीवरच्या प्रवासी दालनांतली हवा तशीच राहिली, आणि त्या दाबानें मधली जमीन खचली. सुकाणूच्या तारा नेमक्या याच जमिनीखालून शेंपटीकडे गेलेल्या होत्या.

मॅक्कॉर्मिक यांनीं पहिली गोष्ट केली ती ही, कीं एंजिनांच्या दांड्या पुन्हां पुढें रेटल्या. खालीं वळूं पाहणारें तोंड वर आलें. विमान हातीं आल्यावर त्यांनीं शोध घेतला. सुकाणू ठार अडकलें होतें, शेंपटीवरील आडव्या फळ्या जेमतेम हलत होत्या, मधलें एंजिन निकामी होतें. शिल्लक होतीं पंखांखालचीं दोन एंजिनें आणि पंखांवरील फळ्या. कृत्रिम विमानांत केलेली तालीम आतां खऱ्या विमानांत सुरू झाली. वेग कमी केला कीं विमान दगडासारखें खालीं जाऊं लागे; म्हणून नेहमीपेक्षां बऱ्याच अधिक वेगानें त्यांनीं तें डेट्रॉइटच्या धांवपट्टीवर टेकविलें. टेकतांच तें उजवीकडे पट्टी सोडून गवतांत घुसलें. सहवैमानिक पीटर व्हिटनी यांनीं डाव्या एंजिनाचा उलटा जोर पूर्ण लावून त्याला आवरलें. कांहीं माणसें किरकोळ जखमी झालीं, मेलें कोणीहि नाहीं.

येथें गोष्ट संपली असती तर बरें होतें. पण यशस्वी सुटकेंत एक धोका असतो: सुटका झाली म्हणजे संकट तेवढें मोठें नव्हतें, असें दूर बसलेल्या माणसांस वाटूं लागतें. दाराची कडी पुरी बसली नसतांनाहि बाहेरची मूठ जोर केल्यास बंद होते, हें चौकशींत उघड झालें. डेट्रॉइटच्या कामगारानें ती गुडघ्याचा जोर लावून बंद केली होती. हा दोष दूर करण्याची सक्तीची आज्ञा सरकारनें काढावयास हवी होती. त्याऐवजीं विमानें बांधणारी डग्लस कंपनी आणि सरकारी हवाई खात्याचे मुख्य जॉन शॅफर यांच्यांत सभ्य गृहस्थांचा म्हणून एक समझोता झाला, आणि दुरुस्ती कंपनीच्या स्वतःच्या पत्रकावर सोपविण्यात आली. जून १९७२ मध्यें, विंडसरच्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनीं, विमानाचा सांगाडा तयार करणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीचे एंजिनियर डॅन ॲपलगेट यांनीं आपल्या वरिष्ठांस एक टिपण लिहिलें. पुढील वीस वर्षांत हीं दारें उघडल्यावांचून राहणार नाहींत आणि तसें झाल्यास बहुधा विमान हातचें जाईल, असा त्याचा आशय होता. खर्च कोणाच्या अंगावर पडेल या विचारांत वरिष्ठांनीं तें टिपण पुढें पाठविलें नाहीं.

वीस वर्षें लागलीं नाहींत. दोनहि लागलीं नाहींत. ता. ३ मार्च १९७४ रोजीं तुर्की कंपनीचें एक डीसी-१० पॅरिसहून लंडनकडे निघालें. त्या दिवसांत एका ब्रिटिश कंपनीच्या कामगारांचा संप होता. तिच्या प्रवाशांनीं तुर्की विमान भरून गेलें. दाराची जी दुरुस्ती झाली म्हणून कारखान्याच्या दप्तरांत नोंद होती, ती प्रत्यक्षांत झालेलीच नव्हती. विंडसरवर मोडलेली जमीन जवळजवळ रिकामी होती. येथें तीवर माणसें बसलेलीं होतीं. दार गेल्याबरोबर ती जमीन कोसळली, सहा प्रवासी खुर्च्यांसकट बाहेर गेले आणि शेंपटीकडे जाणाऱ्या तारा तुटल्या. कप्तान नेजात बेर्केझ यांच्या विमानानें खालीं मुसंडी मारली. एंजिनांचा जोर वाढविल्यावर तोंड हळूहळू वर येऊं लागलें होतें. म्हणजे उपाय बरोबर होता, पण खालीं उंचीच उरली नव्हती. दार उडाल्यापासून ७७ सेकंदांनीं तें एर्मेनोंव्हिलच्या अरण्यांत आदळलें आणि ३४६ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. बेर्केझ यांच्या कौशल्याविषयीं यावरून कांहींच अनुमान काढतां येत नाहीं. मॅक्कॉर्मिक यांच्याजवळ जें होतें, त्यांतलें बेर्केझ यांच्याजवळ जवळजवळ कांहींच उरलेलें नव्हतें. यानंतर मात्र दाराची दुरुस्ती सक्तीची झाली.

जपानचा प्रसंग याहून दीर्घ आणि त्यामुळेंच अधिक दुःखद आहे. ता. १२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळीं जपान एअर लाइन्सचें बोइंग ७४७ टोकियोहून ओसाकाला ५२४ माणसें घेऊन निघालें. याच विमानाची शेंपटी सात वर्षांपूर्वीं, १९७८ सालीं, ओसाका येथें उतरतांना जमिनीला घासली होती. हवेचा दाब धरणारी मागची घुमटाकार भिंत तेव्हां दुरुस्त करण्यांत आली. पण सांध्याची पट्टी अखंड न लावतां दोन तुकड्यांत लावली गेली, आणि जो भार रिव्हेटांच्या दोन रांगांनीं उचलावयाचा तो एका रांगेवर पडला. प्रत्येक उड्डाणाबरोबर तेथील चीर थोडथोडी वाढत गेली. त्या संध्याकाळीं, उड्डाणानंतर बाराव्या मिनिटाला, २४,००० फुटांवर ती भिंत फुटली. हवेच्या झोतानें उभ्या शेंपटीचा बहुतेक भाग उडविला आणि चारहि यंत्रणांचें तेल वाहून गेलें.

कप्तान मासामी ताकाहामा, सहवैमानिक युताका सासाकी आणि एंजिनियर हिरोशी फुकुदा यांना आपली शेंपटी नाहींशी झाली आहे हें शेवटपर्यंत कळलें नाहीं. मागचें एक दार मोडलें असावें, एवढाच त्यांचा तर्क. खालून कोणी काढलेल्या छायाचित्रांत तें बिनशेंपटीचें विमान स्पष्ट दिसतें, पण तें छायाचित्र वैमानिकांच्या कोठून पाहाण्यांत येणार! विमान लाटेवर चढल्यासारखें वर जाई, वेग हरवी, मग तोंड खालीं घालून वेग घेई, आणि पुन्हां वर जाई. शिवाय शेंपटी गेल्यामुळें तें दोन्ही कुशींवर हेलकावत होतें. तिघांनीं एंजिनांचा जोर कमीजास्त करून त्याला आवरण्याचा प्रयत्न केला, चाकें खालीं सोडलीं, विजेच्या मोटारीवर पंखांच्या मागच्या फळ्या उतरविल्या. असें बत्तीस मिनिटें चाललें. कित्येक प्रवाशांनीं तेवढ्या वेळांत घरच्या माणसांस चिठ्ठ्या लिहिल्या. अखेर गुन्मा प्रांतांतील डोंगरावर तें कोसळलें. चारजणी वांचल्या, ५२० माणसें गेलीं. बत्तीस मिनिटें हा काळ थोडा नव्हे. अशा स्थितींत विमान इतका वेळ आकाशांत राहूं शकतें, ही गोष्टच कित्येक वैमानिकांना नवी होती.

त्या वैमानिकांपैकीं एक डेनिस फिच. युनायटेड एअरलाइन्सच्या डेन्व्हर येथील शाळेंत ते डीसी-१० चे शिक्षक होते. जपानी विमानाची हकीकत वाचून ते स्वस्थ बसले नाहींत. सगळीं सुकाणूं गेलीं असतां नुसत्या एंजिनांवर काय काय करतां येतें, हें त्यांनींहि कृत्रिम विमानांत बसून पाहिलें.

ता. १९ जुलै १९८९ रोजीं फिच हे साधे प्रवासी म्हणून डेन्व्हरहून शिकागोकडे निघाले होते. विमान डीसी-१०, माणसें २९६, कप्तान आल्फ्रेड हेन्स. दुपारीं सव्वातीनच्या सुमारास, ३७,००० फुटांवर, शेंपटींतील एंजिनाच्या पुढच्या पंख्याची टिटॅनियमची चकती फुटली. ही चकती १९७१ सालीं घडविली गेली तेव्हांच धातूंत एक सूक्ष्म दोष राहून गेला होता. अठरा वर्षांत त्याची चीर झाली आणि तपासणी करणाऱ्यांच्या नजरेंतून ती सुटली. तुकडे शेंपटींतून आरपार गेले, आणि ज्या तीन नळ्या एकदम तुटणें अशक्य मानलें होतें त्या एकदम निकामी झाल्या. एंजिनियर डड्ली द्वोराक यांच्यासमोरचे तीनहि दाबमापक शून्यावर आले. सहवैमानिक विल्यम रेकॉर्ड्स यांनीं चक्र डावीकडे पूर्ण वळवून धरलें होतें, आणि विमान मात्र उजवीकडे कलत चाललें होतें. तें उलटें होण्याच्या बेतांत असतां हेन्स यांनीं डाव्या एंजिनाची दांडी मागें ओढली आणि उजव्याची पुढें लोटली. उजवा पंख सावकाश वर आला.

फिच यांनीं विमानसेविकेमार्फत आपण मदतीस येऊं काय म्हणून विचारलें. येथें हेन्स यांचा मोठेपणा दिसतो. जुन्या परंपरेंत कप्तान म्हणजे गलबतावरचा तांडेल. त्याच्या शब्दापुढें दुसऱ्याचा शब्द नाहीं. परंतु युनायटेड कंपनीचें एक विमान १९७८ सालीं पोर्टलंड येथें, इंधन संपत आहे ही सहकाऱ्यांची सूचना कप्तानाच्या मनावर न ठसल्यामुळें कोसळलें होतें, आणि त्यानंतर कंपनीनें आपल्या वैमानिकांना एकमेकांचें ऐकावयास शिकविण्याचे वर्ग काढले होते. हेन्स यांनीं फिच यांना लगेच बोलावून घेतलें. चौघांच्या अनुभवाची बेरीज शंभर वर्षांहून अधिक होती, पण अशा रीतीनें विमान चालविण्याचा अनुभव एका मिनिटाचाहि नव्हता, मग कप्तानालाच अधिक कळतें असें कशावरून, असा हेन्स यांचा पुढील काळांतील युक्तिवाद असे.

फिच दोन आसनांमध्यें गुडघे टेकून बसले आणि दोन हातांत दोन एंजिनांच्या दांड्या त्यांनीं घेतल्या. मग जपानी विमानाचा तोच लाटांचा खेळ येथें सुरू झाला: तोंड वर, तोंड खालीं, आणि दर खेपेस उंचींत घट. तोंड खालीं जात असतांना वेग वाढतो, म्हणून जोर कमी करावा असें मनांत येतें. करावयाचें मात्र उलट. खालीं जातांना जोर वाढवावा, वर येतांना कमी करावा, तरच लाट शमते. विमान उजवीकडेच वळण्यास राजी होतें. त्यामुळें उजवीं वर्तुळें काढीत काढीत तें आयोवा राज्यांतील सू सिटीच्या विमानतळाकडे आणण्यांत आलें. दूर सॅन फ्रान्सिस्कोच्या दुरुस्तीशाळेंतील तज्ज्ञ मात्र तीनहि यंत्रणा कशा जातील, हेंच पुनःपुन्हां विचारीत होते. विमानतळाच्या अधिकाऱ्यानें कोणत्याहि धांवपट्टीवर उतरण्यास परवानगी दिली, तेव्हां धांवपट्टीच पाहिजे असा आग्रह आहे काय, असें हेन्स यांनीं हंसत विचारलें. खरोखर ज्या पट्टीवर उतरावयाचें ठरलें होतें ती साधलीच नाहीं; समोर आली ती वापरांतून काढलेली दुसरी, आणि तीवर आगीचे बंब उभे केलेले होते. ते घाईनें हटविण्यांत आले.

या विमानाचा जमिनीकडे येण्याचा नेहमीचा वेग ताशीं सुमारें १६० मैल. त्या दिवशीं तो सुमारें २५० होता. तें दर मिनिटास सोळाशें फुटांहून अधिक वेगानें खालीं येत होतें. शेवटच्या क्षणीं उजवा पंख झुकला, टोंक जमिनीला लागलें आणि विमानाचे तुकडे होऊन ते पेटत शेजारच्या मक्यांत जाऊन पडले. स्फोटापासून जमिनीपर्यंत चव्वेचाळीस मिनिटें लागलीं होतीं. ११२ माणसें मेलीं. १८४ वांचलीं, आणि त्यांत वैमानिक-कक्षांतील चौघेहि होते. सू सिटीच्या लोकांनीं दोनच वर्षांपूर्वीं मोठ्या विमानाच्या अपघाताची रंगीत तालीम केलेली होती, राज्याच्या संरक्षक दलाचे २८५ जवान त्या दिवशीं तळावर हजर होते, आणि रुग्णालयांत पाळी बदलण्याची वेळ असल्यामुळें दुप्पट माणसें हातीं होतीं. हेन्स आपल्या व्याख्यानांत स्वतःच्या कौशल्यापेक्षां या गोष्टींविषयींच अधिक बोलत.

चौकशीमंडळानें इतर वैमानिकांना कृत्रिम विमानांत बसवून तोच प्रसंग घडवून पाहिला. सुरक्षित उतरणें कोणालाहि खात्रीनें जमेना; म्हणून असें शिक्षण सर्वांना देणें व्यवहार्य नाहीं, असा त्यानें निर्णय दिला. यंत्रांत मात्र फरक झाले. डीसी-१० च्या एका यंत्रणेंत, शेंपटीकडचें तेल गळूं लागतांच बाकीचें राखून ठेवणारी झडप बसविण्यांत आली. बोइंग ७४७ मध्यें जपानी अपघातानंतर तसाच बंदोबस्त झाला होता. नासा या संस्थेच्या कॅलिफोर्नियांतील ड्रायडन केंद्रांत एंजिनियर फ्रँक बर्कम यांनीं जें काम फिच यांनीं हातांनीं केलें तें गणकयंत्राकडून करवून घेण्याची योजना आंखली. ता. २९ ऑगस्ट १९९५ रोजीं गॉर्डन फुलर्टन यांनीं एमडी-११ हें डीसी-१० च्याच वंशांतील विमान, सुकाणूस हात न लावतां, नुसत्या एंजिनांवर अलगद उतरवून दाखविलें. एवढें होऊनहि प्रवासी विमानांत ही योजना सर्रास बसविली गेली नाहीं. असा प्रसंग इतका क्वचित् येतो, कीं त्यासाठीं खर्च करण्यास कोणी तयार होत नाहीं. १९७२ च्या दाराविषयींहि याच तऱ्हेचा हिशेब झाला होता.

तो क्वचित् येणारा प्रसंग ता. २२ नोव्हेंबर २००३ रोजीं पुन्हां आला. बगदादहून डाक आणि माल घेऊन निघालेल्या डीएचएल कंपनीच्या एअरबस ए-३०० विमानास सुमारें ८,००० फुटांवर जमिनीवरून सोडलेला अग्निबाण लागला. डावा पंख पेटला, इंधन गळूं लागलें आणि तीनहि यंत्रणांचें तेल गेलें. कप्तान एरिक जेनॉट, सहवैमानिक स्टीव्ह मिशिएलसन आणि एंजिनियर मारिओ रोफेल यांच्या हातीं दोन एंजिनें काय तीं उरलीं होतीं. चाकें स्वतःच्या भारानें खालीं पडूं दिल्यावर विमानाच्या लाटा जरा मंदावल्या. पहिल्या खेपेस उंची अधिक वाटली, म्हणून जळत्या पंखानिशीं त्यांनीं आणखी एक फेरी घेतली. ती घेण्यास किती धीर लागला असेल याची कल्पना करावी. दुसऱ्या खेपेस विमान बगदादच्याच धांवपट्टीवर टेकलें, पट्टी सोडून रेतींत शिरलें आणि कांटेरी तारेचें कुंपण ओढीत थांबलें. तिघेहि आपल्या पायांनीं बाहेर आले.